चिंक्वे तेर्रेत एक दिवस: मुलं, आजी आणि एकच वाट

मिलानला राहायला आल्यापासून पुण्या-नाशिकहून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "ती समुद्राकाठची रंगीत घरांची पाच गावं एका दिवसात होतात का?" होतात. गाडीतून उतरायचं, धक्क्यापर्यंत जायचं, फोटो काढायचे, परत गाडी. असं पाचदा केलं की संध्याकाळपर्यंत पाचही गावं होतात. पण त्या गावांना एकमेकांशी जोडणारी डोंगरातली पायवाट मात्र राहून जाते, आणि माझ्या मते तिथं खरं बघण्यासारखं काही असेल तर ती वाटच आहे. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते : वाटेचा एक टप्पा चाला, तीन-चार गावं निवांत बघा, उरलेली पुढच्या खेपेला ठेवा.

आम्ही तीनदा जाऊन आलो, दोन मुलं (सात आणि अकरा वर्षांची) आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई यांच्यासह. पहिल्या खेपेला बरंच चुकलं. तिसऱ्या खेपेला जो दिवस जमून आला, तोच इथं क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडा भूगोल

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या वायव्येकडच्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावरची पाच गावं. पश्चिमेकडून पूर्वेला मोजायची तर मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. हा क्रम मुलांकडून पाठ करून घ्या, गाडीत फार उपयोगी पडतो. गावांच्या एका बाजूला लेवान्तो आणि दुसऱ्या बाजूला ला स्पेत्सिया हे शहर. या दोन टोकांच्या मध्ये लोकल गाड्या सारख्या धावतात. दोन गावांमधलं अंतर गाडीने चार-पाच मिनिटांचं, काही ठिकाणी त्याहून कमी. बहुतेक प्रवास बोगद्यातून होतो, त्यामुळे गाडीच्या खिडकीतून समुद्र दिसेल अशी फार आशा धरू नका.

ही रेल्वे 1874 मध्ये पूर्ण झाली. तोवर इथं यायचं तर होडीने किंवा डोंगरातल्या पायवाटेने. आज आपण ज्या वाटेवर हौसेने चालतो, ती शेतकऱ्यांची रोजची ये-जा करायची वाट होती. 1997 मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. गावांइतकाच मान इथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीला मिळाला आहे, हे चालायला लागलं की आपोआप कळतं.

कधी जायचं

एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर सप्टेंबर. भारतातून येणाऱ्यांची शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्येच पडते, ते सोयीचंच आहे. मात्र 25 एप्रिल, 1 मे आणि 2 जून या इटलीतल्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या तारखा आणि त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार टाळा, फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन ही वाट चालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाचा ताप होतो आणि दगडी पायऱ्या तापतात.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. 25 ऑक्टोबर 2011 ला इथं इतका पाऊस कोसळला की डोंगरावरून आलेल्या चिखल-दगडांनी वेर्नात्साचा मुख्य रस्ता दुकानांच्या वरपर्यंत भरून गेला. मोंतेरोस्सोचंही तेच झालं, माणसं गेली. तेव्हापासून हवामानाचा इशारा जाहीर झाला की वाटा बंद करतात. इटालियनमध्ये त्याला 'अलेर्ता' म्हणतात. आदल्या संध्याकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणती वाट उघडी आहे ते बघा. बंद असेल तर ती बंदच समजा, बाजूने वळसा घालून जायचा विचारसुद्धा करू नका.

मुक्काम आणि कार्ड

मिलानहून ला स्पेत्सिया साधारण तीन तास, फ्लोरेन्सहून सव्वादोन-अडीच, पीसाहून तासभर. मिलानहून सकाळी निघून रात्री परत येता येतं, पण मुलांचे हाल होतात. आदल्या रात्री ला स्पेत्सियात राहावं. गावांपेक्षा तिथं खोल्या स्वस्त, आणि स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर सकाळी चार थालीपिठं लावता येतात. भाजणी, तिखट, मसाला आणायला हरकत नाही. मात्र भारतातून येताना तूप, पेढे, पनीर आणू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे.

गाडी भाड्याने घेऊन येण्याचा विचार असेल तर तो सोडा. गावांत बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही, आणि वरच्या अरुंद घाटरस्त्यावर वाहनतळ शोधण्यात अर्धी सकाळ जाते.

'चिंक्वे तेर्रे कार्ड' दोन प्रकारचं मिळतं. एकात फक्त पायवाटा आणि गावातली छोटी बस. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला लेवान्तो ते ला स्पेत्सिया दिवसभर हवा तितका रेल्वेप्रवास. या लेखातल्या बेतासाठी दुसरं घ्या. दर दिवसागणिक आणि गर्दीप्रमाणे बदलतात, कुटुंबासाठी वेगळं कार्डही असतं. सगळं राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशीच घेऊन ठेवावं, सकाळी खिडकीपुढची रांग वाचते. कागदी कार्ड घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. तो नसेल तर कार्ड असूनही दंड होऊ शकतो.

पाठपिशवी

जास्त सामान नकोच. माणशी एक लिटर पाणी (गावांतल्या नळांवर बाटल्या भरता येतात, 'आक्वा पोताबिले' लिहिलेलं असलं की पाणी पिण्याचं), टोपी, मुलांचा एक जादा कपड्यांचा जोड, पंचा, थोडी नाणी, पट्ट्या आणि मलम. खाऊला थालीपीठ किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, म्हणजे भूक लागली की हॉटेल उघडायची वाट बघावी लागत नाही.

बुटांबद्दल मात्र तडजोड नको. तळ पकड घेणारा, बोटं झाकणारा बूट हवा. चपला किंवा उघड्या सँडल घालून या वाटांवर जायला उद्यानाची बंदी आहे, दंडही होतो. बाबागाडी वाटेवर अजिबात चालत नाही. तान्हं मूल असेल तर पाठीवर किंवा पोटाशी बांधायची झोळी घ्या.

सकाळी : कोर्निल्या

साडेसातच्या सुमारास ला स्पेत्सियाहून लेवान्तोकडे जाणारी लोकल पकडा. स्थानकावर आणि दारापाशी खिसेकापूंपासून जपा. पाठपिशवी पोटाशी घ्या. गाडीची दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. शिवाय फलाट लहान असल्यामुळे रिओमाज्जोरे आणि वेर्नात्साला गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात. बाहेर अंधार दिसला की लोक गाव आलंच नाही असं समजून बसून राहतात आणि गाडी सुटते. म्हणून स्थानकं मोजत राहायची. हे काम आमच्या धाकट्याकडे असतं आणि तो ते फार गंभीरपणे करतो.

फलाटावर मुलांचा हात सोडू नका. न थांबणाऱ्या जलद गाड्या याच रुळांवरून मोठ्या वेगाने जातात, आणि फलाट अरुंद आहेत.

पाचांपैकी कोर्निल्या एकटंच समुद्रालगत नाही, ते शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलं आहे. स्थानकापासून गावात जायला जवळपास पावणेचारशे पायऱ्यांचा नागमोडी जिना आहे. तो चढू नका, पुढे चालायचं आहे. स्थानकाबाहेरून छोटी बस वर जाते आणि ती कार्डात धरलेली असते. सकाळी लवकर आलात की तिला गर्दी कमी. वर गेल्यावर एखाद्या बारमध्ये उभ्या उभ्या कापुचिनो घ्या, मुलांना गरम फोकाच्चा द्या. हा ऑलिव्हच्या तेलातला, वरून मीठ भुरभुरलेला, जाडसर मऊ पाव. इथली सकाळ त्याच्याच वासाने उगवते. स्वच्छतागृह इथंच वापरून घ्या, वाटेवर ते नाही.

वाट : कोर्निल्या ते वेर्नात्सा

पहिल्या खेपेला आम्ही मोंतेरोस्सोहून वेर्नात्साला चालत निघालो होतो, दुपारी बारा वाजता, चौघांत दीड बाटली पाणी घेऊन. तो टप्पा साडेतीन किलोमीटरचाच आहे, पण सुरुवातीलाच उभ्या पायऱ्यांची रांग लागते आणि ती संपता संपत नाही. अर्ध्या तासात धाकटा रडकुंडीला आला. माझी चूक अंतर बघून ठरवण्याची होती. इथं अंतर नाही, चढ बघायचा असतो. शिवाय गर्दीच्या काही दिवशी तो टप्पा ठरावीक वेळेत एकाच दिशेने चालू ठेवतात, तेही पाहून जावं लागतं.

कोर्निल्या ते वेर्नात्साही अंतराने तेवढाच, पण बसने आधीच शंभर मीटर वर आल्यामुळे अर्धा चढ वाचतो. पुढे प्रेवो नावाच्या चार घरांच्या वाडीपर्यंत, म्हणजे दोनशे मीटरच्या जरा वर, चढायचं आणि मग वेर्नात्सापर्यंत उतार. मोठ्यांना दीड तास लागतो, मुलांबरोबर दोन-अडीच तास धरा. निघायची वेळ साडेआठ-नऊ. हा किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी डोंगराचीच सावली अंगावर असते. अकरानंतर ऊन थेट अंगावर येतं आणि द्राक्षांच्या मळ्यांत आडोसा म्हणून नाही.

वाट ओळखायला दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. पुढचा पट्टा आधी कोण शोधतो, हा खेळ मुलांना तासभर पुरतो. सुरुवातीच्या नाक्यावर कार्ड दाखवावं लागतं.

पहिला भाग ऑलिव्हच्या झाडांतून जातो. झाडांखाली गुंडाळून ठेवलेल्या जाळ्या दिसतील. शरद ऋतूत त्या पसरून फळं गोळा करतात. मग द्राक्षवेली, आणि वेलींमधून जाणारा एकच दातेरी रूळ. एवढ्या उभ्या डोंगरावर दुसरं कसलंच वाहन चालत नाही, म्हणून द्राक्षांचे क्रेट त्या एकरुळी गाडीवरून वाहून नेतात. त्यातली काही द्राक्षं वाळवून 'शाक्केत्रा' नावाची गोड वाइन होते.

आता इथल्या शेतांच्या दगडी भिंतींबद्दल. डोंगर तळापासून माथ्यापर्यंत कापून पायऱ्या केल्या आहेत आणि प्रत्येक पायरी दगडी भिंतीने तोलली आहे. त्या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, फटीत चिपा. सासूबाई राजापूरच्या. दुसऱ्या खेपेला पहिली भिंत बघताच त्या म्हणाल्या, "अगो, हा तर आमचा गडगाच!" आणि खरंच, कोकणात बागेभोवती जांभ्याचा गडगा घालतात तो याच पद्धतीचा. फरक एवढाच की आपला गडगा कुंपणाचं काम करतो, इथला अख्खा डोंगर धरून ठेवतो. पावसाचं पाणी फटींतून निथळतं, मागे साचत नाही, म्हणून भिंत टिकते. माती बसली, दगड सरकले की ती कोसळते आणि पुन्हा रचावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं. तरुण मंडळी गाव सोडून गेली, शेतं ओस पडली, तशा भिंती ढासळू लागल्या आणि डोंगर घसरायचा धोका वाढला. चुन्याशिवाय दगडी भिंत रचण्याची ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह अनेक देशांच्या नावावर.

म्हणून मुलांना निघतानाच बजावून ठेवा : भिंतीवर चढायचं नाही, त्यातला दगड काढायचा नाही, आणि वाट सोडून मळ्यात शिरायचं नाही. एका दगडाने काय होतं, असं वाटतं. पण तो दगड कुणीतरी पाठीवरून वर आणलेला आहे.

वाट काही ठिकाणी एकाच माणसापुरती आहे आणि एका बाजूला उतार. मुलांना डोंगराच्या बाजूने चालवा, मोठ्यांनी दरीच्या बाजूला राहावं. समोरून चढून येणाऱ्यांना आधी जाऊ द्या. पुढे सरकायचं असेल तर 'पेर्मेस्सो' म्हणायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'बुओन्जोर्नो'. कुठे दुखलं-खुपलं तर तातडीचा क्रमांक 112.

प्रेवोला दहा-पंधरा मिनिटं बसा, खाऊ काढा. पुढे उतरताना एका वळणावर वेर्नात्सा अचानक पायाखाली येतं : छोटा धक्का, त्याला खेटलेलं चर्च, टोकावर गोल बुरूज, मागे एकमेकांना बिलगलेली पिवळी-गुलाबी घरं. उतारावरच्या पायऱ्या गुळगुळीत झालेल्या असतात, मुलं इथं पळायला बघतात. हात धरा.

आजीची वाट

गुडघे दुखणाऱ्यांनी ही वाट चालू नये, पण म्हणून त्यांना खोलीवर ठेवायचंही कारण नाही. सासूबाई माझ्या नवऱ्याबरोबर सकाळी सावकाश निघाल्या आणि लोकलने थेट वेर्नात्साला आल्या. स्थानक गावातच आहे, तिथून धक्क्यापर्यंतचा रस्ता सौम्य उताराचा. चौकात छत्रीखाली बसून त्यांनी दोन तास होड्या बघितल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंशी हातवारे करत बोलत होत्या. निघताना भेटायची जागा आणि वेळ नक्की ठरवा. बोगद्यात फोन लागेलच असं नाही.

आजी-आजोबांना थोडं चालायचंच असेल तर रिओमाज्जोरे ते मानारोला ही वाट आहे. नाव 'विआ देल्लामोरे', म्हणजे प्रेमाची वाट. जेमतेम एक किलोमीटर, बांधीव आणि बऱ्याच अंशी सपाट, समुद्राला धरून जाणारी. सप्टेंबर 2012 मध्ये दरड कोसळून चौघं पर्यटक जखमी झाल्यावर ती बंद झाली, आणि जवळपास बारा वर्षांनी 2024 मध्ये उघडली. तिच्यासाठी वेगळं शुल्क आणि वेळ ठरवून आधी नोंदणी लागते. वेळ संध्याकाळची घ्या, म्हणजे दिवसाच्या बेताला धक्का लागत नाही.

वेर्नात्सा : जेवण

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच. नंतर बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद असतात, तेव्हा उशीर करू नका. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडी रक्कम लागते. ती टेबलाची आणि पावाची, सगळीकडेच असते.

शाकाहारी माणसाची लिगुरियात उपासमार होत नाही. पेस्तो इथलाच : इटालियन तुळस, चिलगोजे, लसूण, ऑलिव्हचं तेल आणि चीज एकत्र कुटून. तो 'त्रोफिए' नावाच्या पीळदार पास्त्याबरोबर, बटाटा आणि फरसबी घालून मागवा. फारिनाता हा चण्याच्या पिठाचा, पाणी-तेल-मीठ घालून भट्टीत भाजलेला पातळ पोळा. सासूबाईंनी पहिल्या घासालाच त्याला धिरडं ठरवलं आणि दुसरं मागवलं. तो कुठं मिळाला तर सोडू नका. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. पेस्तोतलं चीज बनवताना बहुधा वासराच्या जठरातलं विरजण वापरलेलं असतं, कडक शाकाहारी असाल तर 'सेंत्सा फॉर्माज्जो' (चीजशिवाय) सांगा. आणि फोकाच्चावर किंवा पिझ्झावर 'अच्चूगे' लिहिलं असेल तर ती छोटी खारवलेली मासळी. मासे खाणाऱ्यांनी तीच मागवावी, मोंतेरोस्सोची अच्चूगे नावाजलेली आहे. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको.

दुपार

जेवणानंतर इथं दोन फाटे फुटतात. मुलं दहाच्या आतली असतील तर मोंतेरोस्सोला जा. पाचांमध्ये लांब वाळूचा किनारा तिथंच आहे, स्थानकातून बाहेर पडलं की समोर. बरीचशी जागा भाड्याच्या छत्र्या-खुर्च्यांची असते. फुकट बसायचं तर 'स्पिआज्जा लिबेरा' लिहिलेला तुकडा शोधा. मे महिन्यात पाणी गार असतं आणि तळ पटकन खोल होतो. लाल बावटा असला तर पाण्यात उतरायचं नाही. किनाऱ्याच्या टोकाला खडकातून उभा राहिल्यासारखा नेपच्यूनचा चौदा मीटर उंचीचा भंगलेला पुतळा आहे, मुलांना तो फार आवडतो. कवी एउजेनिओ मोंताले यांना 1975 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, त्यांचे लहानपणीचे उन्हाळे याच गावात गेले.

मुलं मोठी असतील आणि समुद्रात डुंबायची हौस नसेल, तर वेर्नात्सातच बुरुजावर चढा आणि मग सरळ मानारोलाला जा. समुद्र शांत असेल तर एखादा टप्पा बोटीने करा, गावं समुद्रातून बघितली की भिंतींचा खरा पसारा दिसतो. बोट कोर्निल्याला थांबत नाही, आणि शेवटची फेरी रेल्वेच्या मानाने बरीच लवकर असते.

संध्याकाळ : मानारोला

सहाच्या सुमारास मानारोला गाठा. दिवसाचे पाहुणे परतू लागतात, गल्ल्या मोकळ्या होतात. रस्त्यावर दुचाक्या लावाव्यात तशा होड्या लावून ठेवलेल्या दिसतील. धक्का अगदी लहान आणि लाटा जोरकस, म्हणून होड्या यारीने उचलून वर घेतात. डावीकडे समुद्र ठेवून जाणाऱ्या पायवाटेने पलीकडच्या टेकाडावर, पुंता बोनफिल्योला जा. आवडेल ते आईस्क्रीम हातात घेऊन तिथंच बसा. मेच्या अखेरीस सूर्य साडेआठनंतर मावळतो, घाई नसते. उजेड तिरपा होतो आणि घरांच्या मागच्या डोंगरावर एकेका भिंतीची सावली वेगळी दिसायला लागते. सकाळी तुम्ही ज्यांच्यामधून चाललात, त्याच भिंती.

परत

शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच लिहून घ्या, रात्री गाड्या विरळ होतात. संपाची घोषणा असेल तर स्थानकावर 'शोपेरो' हा शब्द दिसेल. तो आदल्या दिवशीच बघून ठेवलेला बरा. मानारोलाहून ला स्पेत्सियाच्या बाजूचा फलाट घ्या आणि गाडीवरचं नाव वाचूनच चढा, इथं रात्री उलट दिशेला जाणारे बरेच जण भेटतात. मानारोलानंतर रिओमाज्जोरे, मग एक लांब बोगदा आणि ला स्पेत्सिया. मुलं त्या बोगद्यात हमखास झोपतात. त्यांचे बूट काढू देऊ नका, उतरायला दहाच मिनिटं असतात.